ईनबाई, तो गॅस नव्हता

गोकर्णाबाई, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि उंद्रीत तुमची देवी व्हायला लागली आहे. जो भेटतो तो सांगतो, बाई कशी ठणठणीत होती, कधी अंथरूण धरलं नाही, जन्मभर गरम पाणी प्यायली म्हणून अशी चालता-बोलता गेली. मी ऐकून घेते. विहीण म्हणून मला ऐकावंच लागतं. परवा तुमच्या प्रमोदचा फोन आला. म्हणाला, मामी, तुम्ही शाळेत मराठी शिकवलं, आईबद्दल चार शब्द लिहून द्या. मी हो म्हटलं, कागद पुढे ओढला, आणि जे यायला लागलं ते हे. हे जावयाच्या हातात देता येणार नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते. तसंही आपल्या दोघींना भांडायला तिसरं माणूस कधी लागलं नाही.

मला तुमचा राग आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला कळतं. पण तुम्ही गेल्या म्हणून तुमचं म्हणणं बरोबर ठरत नाही, आणि गावाने नेमकं तेच चालवलंय.

पहिल्या भेटीतच मला तुम्ही आवडल्या नव्हत्या, हे सांगून टाकते. माझ्या पल्लवीला बघायला तुम्ही सगळे चिखलीला आमच्याकडे आला होता. मे महिना, दुपारची वेळ, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. सगळ्यांनी लिंबाचं सरबत घेतलं, तुमच्या यजमानांनी, भास्कररावांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतलं. तुम्ही पेला बोटाने बाजूला सारला आणि म्हणालात, मले कपभर गरम पाणी चालन. पल्लवीने आत जाऊन पाणी तापवलं, बशीवर कप ठेवून आणून दिला. तुम्ही त्यात करंगळी बुडवली आणि कप तिला परत दिला.

"याले गरम म्हंतेत का वो, ईनबाई?"

अजून काही ठरलं नव्हतं आणि तुम्ही मला विहीण ठरवून ईनबाई म्हणून मोकळ्या झाला होतात. मुलगी एम.एस्सी. झालेली, तिच्या शिक्षणाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही. परीक्षा घेतलीत ती एका कपाची. मी स्वतः उठून पाणी असं उकळवलं की कपाचा कान धरवत नव्हता. तुम्ही पदराने कप धरलात, फुंकरसुद्धा न मारता प्यायलात आणि पसंती सांगितलीत. घशाला चटका कसा बसत नाही या बाईच्या, एवढंच माझ्या मनात आलं.

मग लग्न झालं, आणि गरम पाणी आमच्या नात्यात येऊन बसलं. तुमच्या मते त्याने चरबी वितळायची, सांधे सुटायचे, साखर उतरायची, पित्त मरायचं. प्रमोदने तुम्हाला मोठा फोन घेऊन दिल्यावर तर रोज सकाळी मला वाफाळत्या पेल्याचं चित्र यायचं, खाली गरम पाण्याचे फायदे. मी एकदा उत्तर लिहिलं. घसा शेकतो, थंडीत बरं वाटतं, एखाद्याचं पोट साफ होतं, हे मान्य. पण पाणी पोटात गेलं की थोड्या वेळात अंगाएवढंच होतं, गरम प्या की गार प्या. चरबी काही तव्यावरचं तूप नाही वितळायला. यावर तुम्ही लिहिलं नाही, तुम्ही फोन केला. विचारलंत, मंग थंडं पेल्यावर दात काऊन शिरशिरतेत? मी म्हटलं, दातांचा इथे काय संबंध. तुम्ही म्हणालात, तुमाले सांगता येत नाई ना, मंग झालं. आणि फोन ठेवलात. वर्गातल्या पोरांनी मला कधी असं निरुत्तर केलं नव्हतं. ते आठवलं की अजून चिडचिड होते.

इथवर ठीक होतं. इथवर तो दोन बायांचा हट्ट होता. आरोही झाली आणि तो खेळ राहिला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पल्लवी माझ्याकडे होती. तुम्ही डिंकाचे लाडू घेऊन आलात आणि मुक्कामच ठोकलात. चैत्राचं ऊन सुरू झालं होतं. बाळंतिणीने गार पाण्याला शिवायचं नाही, घोटघोट कढत पाणी प्यायचं, हा तुमचा हुकूम. उन्हाळ्यात कढत पाणी माणूस पिऊन पिऊन पिणार किती? तिचे ओठ सुकून सालं निघाली. तहान लागली की ती माझ्याकडे बघायची, तुमच्याकडे बघून मान खाली घालायची. एकदा तुम्ही देवळात गेलेल्या पाहून मी तिला माठातलं पाणी दिलं. ती पेलाभर पाणी एका दमात प्यायली. तेवढ्यात तुम्ही दारात. तुम्ही तिला काही बोलला नाहीत. मला म्हणालात, तुमची लेक आहे, तुमाले मारायची असन तर मारा. डॉक्टरीणबाईंनी तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, कसंही, हे मी तुम्हाला सांगितलं. तुमचं उत्तर ठरलेलं, तिनं किती लेकरं काढली सोताची?

सव्वा महिना झाला, तुम्ही सून आणि नात उंद्रीला घेऊन गेलात. मला करमेना म्हणून मी एका रविवारी न सांगता गेले. आरोही तुमच्या मांडीवर होती. चेहरा जरा सुजल्यासारखा, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर बघेना. पल्लवी म्हणाली, दोन दिवसांपासून नुसती झोपते, दूध ओढत नाही. तुम्ही म्हणालात, उन्हाची गुंगी आहे. तुमच्या बाजूला वाटी आणि चमचा होता. वाटीत पाणी होतं आणि त्यातून वाफ येत होती. मी काही विचारायच्या आत पोरीचे हात-पाय ताठ झाले, मान एका बाजूला ओढली गेली आणि ओठ निळे पडले.

ती फिट कशी थांबली, प्रमोदने गाडी कशी काढली, बुलढाण्यापर्यंत कोण काय बोललं, मला आठवत नाही. आठवतं ते लहान मुलांच्या डॉक्टरांचं टेबल. त्यांनी विचारलं, बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काय देता? पल्लवीने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, काईच नाई, फक्त मायचं दूध. मग थोडं थांबून म्हणालात, अन् जरासं गरम पाणी. किती, असं डॉक्टरांनी विचारलं. उन्हाचं हाय ना, पाजत राह्यतो आमी, असं तुम्ही सांगितलंत. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाण्याचा थेंब लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. पाण्याने इवलंसं पोट भरतं, मग ते दूध पीत नाही. आणि जास्त पाण्याने अंगातलं मीठ एवढं कमी होतं की मेंदूला सूज येते. पाणी उकळलेलं होतं का साधं, याने काही फरक पडत नाही.

बाहेर बाकावर मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही माझ्या नातीचा जीव घेतला असता. सगळ्यांसमोर म्हटलं. दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली.

"म्या काय इख पाजलं का तिले? उकळून पाजलं."

हे वाक्य मी कधी विसरले नाही. चूक झाली, असं म्हणायला तुमची जीभ वळली नाही. आणि पल्लवी, माझी मुलगी, मला म्हणाली, आई, हळू बोल, त्या रात्र रात्र जागतात तिच्यासाठी. पोरीचा श्वास आत अजून यंत्रावर मोजत होते आणि माझी मुलगी तुमची बाजू घेत होती. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून दोन गोष्टी घेतल्यात असं मला वाटलं. नात देवाने परत दिली. दुसरी तुम्ही ठेवून घेतलीत.

आता खरं सांगायचं तर पुढचंही सांगायला पाहिजे. आरोही घरी आल्यावर तुम्ही तिला सहा महिने पाण्याचा थेंब पाजला नाहीत. शेजारची रुख्माबाई घुटी उगाळून घेऊन आली तेव्हा तुम्ही तिला ओसरीवरूनच परत पाठवलंत, डाकतर नाई म्हंते म्हणून. ती रुसून बरेच दिवस तुमच्याकडे आली नाही. हे मला पल्लवीकडून कळलं, तेही किती तरी उशिरा. तुम्ही मला का सांगितलं नाहीत? एवढं एक वाक्य फोनवर म्हणाला असतात, ईनबाई, तुमचं बरोबर होतं, तर मी काय गावात दवंडी पिटली असती? त्याऐवजी आपण दोघी वर्षानुवर्षं सणावाराला हळदीकुंकू लावत राहिलो आणि आरोहीच्या तब्येतीबद्दल सोडून सगळं बोललो.

मग माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मुलगा पुण्याला, त्याला रजा नव्हती. पल्लवीला शाळेत जाणाऱ्या आरोहीला सोडून येता येईना. मी घरी आले त्या दिवशी दारात रिक्षा थांबली आणि तुम्ही पिशवी घेऊन उतरलात. मी बोलावलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवलात.

पोट फुगलेलं, शौचाला होत नव्हतं, टाके ओढत होते. तुम्ही कोमट पाणी देऊन मला अंगणात चालवायच्या. माझा दंड धरून, माझ्या पावलाला पाऊल लावून, मधे मधे थांबत. दोन दिवसांत पोट मोकळं झालं. कोमट पाण्याने आणि चालण्याने, असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितलेलं होतंच. तुम्ही विचारलंत, सांगा ना, बरं वाटून राह्यलं का? मी म्हटलं, गोळ्यांनी वाटतंय. तुम्ही हसलात. पहिल्यांदा तुम्हाला माझ्यासमोर असं मोकळं हसताना मी बघितलं, आणि तेव्हाच तुम्ही चहाची गोष्ट सांगितलीत.

नवीन लग्न होऊन तुम्ही उंद्रीला आलात तेव्हा घरात खाणारी तोंडं पुष्कळ होती आणि सुनेला चहा मिळत नव्हता. चहा पुरुषांना आणि सासूला. तुम्ही चहा करायच्या, गाळायच्या आणि मग भांडं विसळून त्याच भांड्यात नुसतं पाणी गरम करून प्यायच्या. सासूने एकदा विचारलं, काय पिते वं? तुम्ही म्हणालात, मले च्या आवडतच नाई, मले गरम पाणीच बरं वाटते. सासूने तेच गावात सांगितलं, आमची सून च्या पीत नाही, गरम पाणी पिते, म्हणून तिचं अंग असं काटक आहे. मग तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं. हे तुम्ही रडत नाही सांगितलंत. तुम्ही फुशारकीने सांगितलंत. म्या कधी च्या मागतला नाई कोणाले, असं म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारली होतीत.

दुसरी कोणी असती तर त्या दिवशी विरघळली असती. मी नाही विरघळले, गोकर्णाबाई. मला उलट जास्त राग आला. तुम्हाला चहा मिळाला नाही, त्याचं तुम्ही व्रत केलंत, आणि ते व्रत माझ्या तहानलेल्या मुलीवर लादलंत. तुमच्या सासूला एक शब्द बोलला नाहीत, आणि माठातल्या पाण्यावरून मला बोललात. हे मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. पण तुम्ही माझं डोकं विंचरत होता. डोकं कोणाच्या हातात असलं की भांडता येत नाही.

आता त्या गुरुवारचं बोलते. गाव ज्याला चांगलं मरण म्हणतंय, त्या दिवसाचं.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, तुमच्याकडे उद्यापन. तुम्ही मला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं. सकाळी मी ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते, आरोही माझ्याजवळ सोललेले खात होती. तुम्ही चुलीवर पुरणाची डाळ चढवली होती, कारण पुरण गॅसवर केलेलं तुम्हाला चालत नसे. तुम्ही बाहेर आलात आणि खांबाला टेकून उभ्या राहिलात. छातीवर हात होता. मी विचारलं तर म्हणालात, रात्री भरीत जास्त झालं, गॅस धरला.

मी तुमच्याकडे नीट पाहिलं. थंडी अशी होती की आम्ही स्वेटर घालून बसलो होतो आणि तुमच्या कपाळावर घाम होता. तुम्ही जबडा दाबत होतात. डावा हात सारखा झटकत होतात, मुंग्या आल्यासारखा. मी म्हटलं, गोकर्णाबाई, हा गॅस नाही, गाडी काढायला सांगते, चिखलीला जाऊन ईसीजी काढू. तुम्ही म्हणालात, सवाष्णी येऊन राह्यल्या, अन् म्या दवाखान्यात जाऊन बसू? भास्करराव समोरच होते. त्यांना तुम्ही गरम पाणी आणायला सांगितलंत. ते आत गेले आणि घेऊन आले.

तुम्ही पाणी प्यायलात. थोड्या वेळाने तुम्हाला ढेकर आला. मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, पाहा, उतरला. आणि घरभर सगळ्यांचे चेहरे सैल झाले. त्या ढेकरापुढे माझं काय चालणार होतं? मी प्रमोदला त्याच्या खताच्या दुकानातून बोलावून घेतलं. त्याला म्हटलं, आईला आत्ताच्या आत्ता ने. तो म्हणाला, मामी, आईचं असंच असते, गरम पाणी घेतलं की बसते तिचं. पल्लवीला म्हटलं. पल्लवी म्हणाली, आई, आज नको गं, आज त्यांचा दिवस आहे, आज तरी वाद नको.

वाद. मी तुमच्याशी इतकी वर्षं पाण्यावरून भांडले होते की त्या दिवशी माझं भांडणच ऐकू आलं त्यांना. माणूस मरतंय हे कोणाला ऐकू आलं नाही.

परत दुखलं, परत पाणी. तुम्ही मधेच उठून डाळीत गूळ घालून आलात. सवाष्णी यायला लागल्या, त्यांनीही सांगितलं ओवा चावा, कोणी म्हणालं हिंग लावा बेंबीला. भास्कररावांनी आणखी पाणी तापवलं. तुम्ही शेवटचा पेला तोंडाला लावला आणि तो हातातून निसटला. तुम्ही चुलीजवळ बसल्या जागी कलंडलात.

मग मात्र गाडी लगेच निघाली. चिखलीच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, बघितली आणि विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, सकाळपासून. त्यांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं आणि अँब्युलन्सने बुलढाण्याला न्यायला सांगितलं. झटका मोठा आहे, वेळ फार गेलाय, एवढंच म्हणाले. अँब्युलन्समध्ये तुमच्याजवळ मी बसले. पल्लवीला मी पुढे बसवलं. तुमचे ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला. मला वाटलं प्रमोदचं नाव घ्याल, देवाचं घ्याल.

"पुरण खाली लागलं असन," तुम्ही म्हणालात.

बुलढाणा यायच्या आधीच तुम्ही गेलात. मी तुमचा हात धरला होता, तो तळव्यापर्यंत गार पडला. मी चोळत राहिले. कशासाठी चोळत होते, मला सांगता येणार नाही.

तेरवीला बायका जमल्या. बहुतेक त्याच, उद्यापनाला आलेल्या. मी पल्लवीच्या बाजूला बसले होते. रुख्माबाईने सुरुवात केली. पुण्यवान होती, म्हणाली, कोणाकडून सेवा करून घेतली नाही. गरम पाण्याचा पेला हातात होता शेवटपर्यंत. दुसरी म्हणाली, तिच्याकडे पाहून म्याबी सुरू केलं. तिसरीने पोरीबाळींना सांगितलं, शिका जरा, गोळ्या खाऊ नका ऊठसूट, गोकर्णाबाईसारखं राहा. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी पल्लवीसुद्धा मान डोलावत होती.

मी उठून उभी राहिले. पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई आहे मी, माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो, तो त्या दिवशीही गेला. मी म्हटलं, गोकर्णाबाई पुण्याईने गेल्या नाहीत. त्यांना हार्ट अटॅक आला होता. घाम आला होता, हात दुखत होता, जबडा दुखत होता, आणि अर्धी सकाळ त्या गरम पाणी पीत बसल्या. तेवढ्या वेळात चिखलीला जाऊन परत येता आलं असतं. गरम पाणी खुशाल प्या, मीही पिते. पण छातीत दुखलं, घाम फुटला, तर आधी गाडीत बसा.

कुजबुज सुरू झाली. रुख्माबाई म्हणाली, मेल्यावरबी सोडत नाई इहीन. पल्लवीने माझा पदर ओढून मला खाली बसवलं, आणि मी बसल्यावर ती उठून आत गेली. जाताना म्हणाली, झालं तुझं समाधान? जिंकलीस?

पुरुषमंडळी बाहेरच्या मांडवात होती, पण माझा आवाज तिथे गेला असणार. भास्करराव दारात येऊन उभे राहिले. तुमचे यजमान बायकांच्या बैठकीत कधी येत नाहीत, जास्त बोलतही नाहीत. सगळं घर तुम्ही बोलायच्या. ते चौकटीला हात लावून उभे राहिले आणि जमिनीकडे बघून बोलले.

"ईनबाई खरं बोलून राह्यल्या. तिचा घाम मले दिसत होता. पाणी म्याच तापवून देलं."

एवढं बोलून ते वळले आणि बाहेर गेले. मग बायकांतली एकेक उठून पानं मांडायला लागली.

मी जिंकले नाही, गोकर्णाबाई. तुमच्यासमोर जिंकले असते तर ती गोष्ट वेगळी होती. तुम्ही चिखलीहून परत आला असता, हाताला सुई टोचलेली, पथ्याचं खात, आणि मी रोज फोन करून विचारलं असतं, काय म्हणतो तुमचा गॅस? तुम्ही म्हणाला असतात, डाकतरच्या मशिनीत खोट आहे. मी त्याच्यासाठी तयार होते. ती भांडणं माझ्या म्हातारपणाची तरतूद होती, आणि ती तुम्ही एका सकाळीत उधळून टाकलीत. याचा राग मी कोणावर काढू? भास्कररावांवर? त्यांच्याकडे तर मला बघवत नाही. ते आता पाणी प्यायला घेतात आणि पेला हातात तसाच धरून बसतात, असं प्रमोद सांगतो.

पल्लवी माझ्याशी बोलत नव्हती. मी फोन करायचे, ती आरोहीच्या हातात द्यायची. आरोही अभ्यासाचं सांगायची, मांजरीचं सांगायची, आणि मागून पल्लवीचा आवाज यायचा, ठेव आता. तुम्ही जाऊनसुद्धा ती तुमचीच होती.

काल दुपारी तिचा फोन आला. स्वतःहून. आधी मला वाटलं ती रडतेय, मग कळलं की हसतेय, मग परत रडायला लागली. सकाळी रुख्माबाई शेतात हरभऱ्याचे घाटे तोडत होती. छातीत जळजळायला लागलं, घाबरून घाम सुटला. ती घरी नाही गेली. वाकडी वाकडी चालत थेट प्रमोदच्या दुकानावर आली आणि म्हणाली, मले गाडीत बसव. प्रमोदने शटर ओढलं आणि तसाच तिला घेऊन चिखलीला गेला. डॉक्टरांनी पट्टी काढली, रक्त तपासलं, काही वेळ ठेवून घेतलं. हृदय चांगलं होतं. गॅसच निघाला. गोळी दिली, तिखट-तेलकट कमी करायला सांगितलं आणि सकाळी उठल्यावर कोमट पाणी प्या म्हणाले.

पल्लवी म्हणाली, आई, रुख्माबाई आल्यापासून गावभर सांगत फिरतेय, डाकतरनंबी गरम पाणीच सांगतलं, गोकर्णाबाईचंच बरोबर होतं. तुला राग आला असेल ना?

मी म्हटलं, सांगू दे. सांगायला ती आहे.